कामाचा कुत्रा, लाडाचा कुत्रा आणि दुकानाचा उंबरठा

बारामतीच्या जुन्या पेठेतील किराणा दुकानात गिऱ्हाईक सहसा आत जातच नसे. ओट्यापाशी उभे राहून यादी सांगायची, दुकानदाराने पुड्या बांधायच्या, हिशेब करून पिशवी भरून घ्यायची, असा तो शिरस्ता होता. सोबत कुत्रा असलाच, तर धन्याबरोबर तोही रस्त्यावर थांबे. त्याला आत घ्यावे की नाही, हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच नव्हते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. ग्राहक स्वतः आत शिरून मांडणीवरचा माल निवडू लागेल, अशी वातानुकूलित दुकाने तालुक्याच्या गावीही आली. त्याच काळात लहान जातीचे कुत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरले. २००३ च्या सुमारास 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतील पग घराघरांत पोहोचला आणि कडेवर घेऊन फिरण्याजोगा कुत्रा ही हौसेची बाब झाली. पुणे-सोलापूर महामार्गावरून इंदापूरकडे जाणारे, भिगवणला रोहित पक्षी पाहायला येणारे पर्यटकही आता कुत्र्यासह प्रवास करताना दिसतात. वाटेत दुकान किंवा उपाहारगृह लागले, की दारातच प्रश्न उभा राहतो: याला आत न्यायचे का?

समजा, दुकानदाराने हरकत घेतली आणि कुत्र्याचा मालक उत्तरला, "हा साधा कुत्रा नाही, सर्व्हिस डॉग आहे." कुत्र्याच्या अंगावर तसे लिहिलेले लाल जाकीटही आहे. दुकानदाराने काय करावे? आणि ते विधान खरे नसेल, तर त्यात नेमके कोणाचे नुकसान होते? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि त्याचे उत्तर त्या दोघांपुरते मर्यादित नाही.

विश्वास कमावलेला कुत्रा

सेवा-श्वान ही संकल्पना पहिल्या महायुद्धातून पुढे आली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक कुत्र्यांचे शिक्षण सुरू झाले. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकी तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची प्रशिक्षित कुत्री घेऊन मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

बडीला दारे आपोआप उघडली नाहीत. रेल्वे, हॉटेले, दुकाने यांनी नकार द्यावा आणि फ्रँकने पुन्हा जाऊन समजूत घालावी, असे वर्षानुवर्षे चालले. अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्यांना प्रवेश देईपर्यंत १९३५ साल उजाडले. सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाची हमी देणारे कायदे सर्व राज्यांत होण्यास १९५६ पर्यंत थांबावे लागले. या काळात लोकांचे मन वळवले ते कुत्र्यांच्या वागण्याने. हा प्राणी भुंकत नाही, अन्नाला तोंड लावत नाही, कोणाच्या अंगावर जात नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणून दारे उघडली.

हे वागणे शिकवण्यास दीड-दोन वर्षे लागतात. मार्गदर्शक कुत्र्याला आज्ञा पाळणे शिकवतात, तसे योग्य वेळी आज्ञा मोडणेही शिकवतात. धन्याने 'पुढे चल' म्हटले आणि समोरून वाहन येत असेल, तर तो जागचा हलत नाही. आता हे काम अंधांपुरतेच राहिलेले नाही. कर्णबधिर व्यक्तीला दारावरची घंटा किंवा धोक्याचा भोंगा वाजल्याचे सांगणे, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पडलेली वस्तू उचलून देणे, मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर घसरत असल्याची सूचना देणे अशी कामे हे कुत्रे करतात. यांपैकी काही कामे लहान चणीचा कुत्राही उत्तम करू शकतो. त्यामुळे 'एवढासा कुत्रा कसली सेवा करणार?' हा निष्कर्षही घाईचा ठरतो.

धनगराच्या वाड्यावरचा न्याय

'काम करणारा कुत्रा' ही कल्पना बारामती-इंदापूरला मुळीच परकी नाही. बारामती तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथील गवताळ माळरानांवर आजही लांडगा आढळतो. म्हणूनच मेंढ्यांच्या वाड्याभोवती रात्रभर कुत्रे जागे असतात. धनगराच्या कुत्र्याला प्रमाणपत्र लागत नाही. तो राखण करतो की नाही, मेंढरावर तोंड टाकतो की नाही, एवढ्यावर त्याची पारख होते. घरात लाड होणारा कुत्रा कमी प्रिय असतो असे नव्हे. पण तो राखणीचा कुत्रा आहे, असे कोणी म्हणत नाही.

अमेरिकी कायद्याची कसोटीही याहून फार वेगळी नाही. २०११ पासून तेथे लागू असलेल्या नियमांनुसार, अपंगत्वाशी थेट संबंधित असे विशिष्ट काम शिकवलेला कुत्रा तोच सेवा-श्वान. केवळ सहवासाने मनाला आधार देणारा प्राणी या व्याख्येत बसत नाही. रुग्णालयांत किंवा शाळांत रुग्णांना व मुलांना भेटवण्यासाठी नेला जाणारा उपचार-श्वान ही आणखी वेगळी गोष्ट. मुंबई-पुण्यात 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'सारख्या संस्थांनी या क्षेत्रात काम केले आहे. असा कुत्रा संबंधित संस्थेच्या निमंत्रणावरून तेथे जातो. त्यामुळे त्याला दुकानात शिरण्याचा अधिकार मिळत नाही.

तेथील दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. अपंगत्वामुळे हा कुत्रा सोबत लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजाराचा तपशील किंवा कागदपत्रे मागता येत नाहीत. मात्र कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करत असेल, तर खऱ्या सेवा-श्वानालाही बाहेर नेण्यास सांगता येते.

ही उदार व्यवस्था विश्वासावर उभी होती आणि तिचा गैरफायदाही घेतला गेला. इंटरनेटवर जाकिटे आणि शोभेची 'प्रमाणपत्रे' विकली जाऊ लागली. विमानात 'भावनिक आधार' म्हणून नाना प्राणी आले. २०१८ मध्ये एका प्रवासी महिलेचा मोर न्यूअर्क विमानतळावर नाकारावा लागला. अखेर अमेरिकी परिवहन खात्याने नियम बदलला. जानेवारी २०२१ पासून अशा प्राण्यांना सेवा-श्वानांप्रमाणे वागवण्याचे बंधन विमान कंपन्यांवर राहिले नाही. त्याचबरोबर खऱ्या सेवा-श्वानांच्या मालकांकडूनही लेखी प्रतिज्ञापत्र मागण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. लबाडी काहींनी केली. कागद भरण्याचे काम मात्र खऱ्या गरजूंच्याही वाट्याला आले.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारतात कुत्र्याला सेवा-श्वान म्हणून मान्यता देणारी सरकारी नोंदणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेवा-श्वानाचा उल्लेख नाही. तथापि समान वागणूक, भेदभावास मनाई आणि 'वाजवी सोय' ही तत्त्वे त्यात स्पष्ट आहेत. दृष्टिहीन ग्राहकाच्या मार्गदर्शक कुत्र्याला दारात अडवणे या तत्त्वांशी विसंगत ठरते.

दुसरीकडे, अन्नसुरक्षेसंबंधी २०११ च्या विनियमांत अन्न आस्थापनांच्या आवारात जनावरे, पक्षी व पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत, अशी अट आहे. मिठाईचे दुकान, बेकरी, उपाहारगृह यांच्या चालकाने पाळीव कुत्र्याला मज्जाव केला, तर तो आडमुठेपणा नव्हे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा दाखला अनेक श्वानप्रेमी देतात. त्यांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण तो विषय राहत्या घराचा आहे. कोणाच्याही दुकानात पाळीव कुत्रा नेण्याचा हक्क त्यातून निघत नाही.

खोट्या दाव्याकडे आपला कायदा कसा पाहतो, याची कल्पना दिव्यांग हक्क कायद्याच्या ९१ व्या कलमावरून येते. लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठीचे लाभ फसवणुकीने मिळवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुकानातील प्रवेश या कलमाखाली येईलच असे नाही. पण दुसऱ्याच्या अपंगत्वासाठी असलेली सवलत लाटणे गंभीर आहे, हे कायदेमंडळाने मानले आहे.

नुकसान कोणाचे?

२०२४ मध्ये पुण्यात नियुक्त असलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर वादळ उठले. त्या प्रकरणातील आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय. परंतु त्यानंतर इतर दिव्यांग अधिकाऱ्यांवरही समाजमाध्यमांतून शंका घेतल्या गेल्या आणि ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांना खुलासे करावे लागले. संशयाचे असेच असते. तो एकावर थांबत नाही.

दुकानाच्या दारात हेच छोट्या प्रमाणावर घडते. मोठ्या शहराबाहेर प्रशिक्षित सेवा-श्वान क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणजे दुकानदाराने आयुष्यात पाहिलेला पहिला 'सर्व्हिस डॉग' जर खोटा असेल, त्याने मांडणीतील बिस्किटांचा पुडा ओढला असेल, एखाद्या लहान मुलावर तो गुरगुरला असेल, तर तो दुकानदार त्या दोन शब्दांवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणखी दोन वर्षांनी एखादी दृष्टिहीन विद्यार्थिनी खरा मार्गदर्शक कुत्रा घेऊन त्याच दारात येईल, तेव्हा उत्तर तयार असेल: "मागेही एकाने असेच सांगितले होते." थाप मारणाऱ्याला पाच मिनिटांची सोय मिळाली, तिची किंमत मात्र या मुलीने मोजली.

कुत्र्याच्या मालकाची अडचण खोटी असते, असेही नाही. वैशाखात बंद मोटारीतील तापमान अर्ध्या तासात पन्नास अंशांपलीकडे जाऊ शकते. त्यात कुत्र्याला सोडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. मात्र यावर उपाय खोटे बोलणे हा नव्हे. सोबतच्या व्यक्तीने सावलीत कुत्र्याजवळ थांबावे, वा त्याला घरी ठेवून यावे. नाहीतर सरळ विचारावे, "कुत्रा कडेवर घेऊन आत येऊ का?" कापडाचे वा भांड्यांचे दुकान असेल, तर अनेकदा होकारही मिळेल. नकार मिळाला, तर तो मान्य करावा. दुकानात कुत्र्याला घाबरणारी मुले असतात, ॲलर्जी असणारे असतात. दुकान त्यांचेही असते.

दुकानदारांनीही थोडी तयारी ठेवावी. पाळीव कुत्र्यांबाबतचे धोरण दाराशी स्वच्छ मराठीत लिहावे आणि त्याखाली 'सेवा-श्वानांस प्रवेश आहे' ही ओळ आवर्जून घालावी. शक्य असेल तेथे बाहेर सावलीत कुत्रा बांधण्यासाठी एक कडी आणि पाण्याचे भांडे ठेवावे. कोणी सेवा-श्वान म्हणून सांगितले, तर जाकिटाकडे न पाहता कुत्र्याच्या वागण्याकडे पाहावे. शंका आलीच, तर तेच दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. कोणाला आजाराचा पुरावा मागू नये. आणि कामावर असलेल्या कुत्र्याला गोंजारू नये, खाऊ घालू नये. त्याचे लक्ष विचलित झाले, तर धोका त्याच्या धन्याला असतो.

जाकीट बाजारात कोणालाही मिळते. मॉरिस फ्रँक आणि त्याच्यासारख्यांनी दारोदार फिरून मिळवलेला विश्वास मात्र विकत मिळत नाही. आपल्या गावांत तो अजून रुजायचा आहे. तो रुजण्याआधीच आपल्या हौसेपायी मोडू नये, एवढी जबाबदारी आपण घ्यायला हवी.