शिरोभिघातानंतरचा विषाद : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

दुचाकीच्या अपघातात डोक्यास मार बसलेला एक पस्तिशीचा गृहस्थ सात महिन्यांनी माझ्या चिकित्सालयात आला. जखम केव्हाच भरली होती. परंतु झोप नव्हती, कामात चित्त नव्हते, बोलणे खुंटले होते. मानसरोगतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केले होते. ‘इंग्रजी गोळीची सवय लागेल’ या भीतीने घरच्यांनी ती तीन आठवड्यांत बंद केली व झोपेसाठी दुकानातून सर्पगंधा घनवटी आणली. ‘आता जगून काय करायचे’ असे तो म्हणू लागला, तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले.

असा विषाद म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात शिराची गणना तीन प्रधान मर्मांत केली आहे. अमेरिकेतील सिएटल येथे शिरोभिघाताच्या ५५९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ५३ टक्के रुग्णांत तीव्र विषाद आढळला. त्यांपैकी निम्म्यांनाही उपचार मिळाले नव्हते.

विषादरोधक औषधांविषयीचा पुरावा संमिश्र आहे, हे प्रांजळपणे मान्य करावे. २०१६ च्या ९४ रुग्णांच्या चाचणीत सर्ट्रालीनमुळे विषाद उद्भवण्याचे प्रमाण घटले; २०१७ च्या ६२ रुग्णांच्या चाचणीत मात्र, विषाद जडल्यावर दिलेले तेच औषध बारा आठवड्यांत निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. एवढ्या लहान चाचणीवरून औषध निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. गुण दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. औषध एकाएकी थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता व निद्रानाश संभवतो. मात्रा कमी करायची ती औषध देणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.

सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. परंतु तिच्यातील रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरएड्रिनालिन आदी द्रव्यांचे साठे रिते करते. विषादाच्या रुग्णास ती वर्ज्यच समजावी. तसेच त्रिकटूतील पिपेरिनमुळे फेनिटॉइनसारख्या आक्षेपरोधक औषधाची रक्तातील पातळी वाढते, आणि शिरोभिघाताच्या अनेक रुग्णांना तेही चालू असते. जटामांसी, तगर यांनी गुंगीत भर पडू शकते.

म्हणून प्रत्येक रुग्णास तीन प्रश्न विचारावेत : डोक्यास मार लागला होता काय? कोणती औषधे चालू आहेत? जीव नकोसा वाटतो काय? तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असल्यास त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दुकानात ठळक लावावा. शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढलेले असल्यास शिरोधारा व शिरोभ्यंग करू नये. सत्त्वावजय, नियमित निद्रा, हितकर आहार आणि कुटुंबाचे समुपदेशन ही आपली खरी क्षेत्रे आहेत.

त्या गृहस्थाची सर्पगंधा थांबवून मी चिठ्ठीसह त्यास त्याच दुपारी तज्ज्ञांकडे धाडले. गोळी पुन्हा सुरू झाली. घरच्यांशी मी दर आठवड्यास बोलत राहिलो. अडीच महिन्यांनी तो अर्धवेळ कामावर जाऊ लागला. यश कोणत्या शास्त्राचे, हा प्रश्न त्याच्या पत्नीने विचारला नाही. आपणही विचारू नये.