विश्लेषण : घरी कपडे शिवणे खरेच स्वस्त पडते का? क्रोशाचा टॉप यंत्रावर का बनत नाही?

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले की शिंप्याच्या दुकानात ‘ऑर्डर घेणे बंद’ अशी पाटी लागते. शहरांत अस्तराच्या ब्लाउजची शिलाई पाचशे-सहाशेच्या घरात गेली आहे. साधी सुती साडीही कधी कधी त्याहून स्वस्त मिळते. दुसरीकडे मोबाइलवर रोज कुणी ना कुणी दोन मिनिटांत कुर्ता बेतून दाखवते, तर कुणी क्रोशाची सुई घेऊन टॉप विणते. आजीची पायमशीन माळ्यावरून खाली काढावी का, असा प्रश्न अनेक घरांत पडला आहे.

खर्चाचे गणित काय?

पहिल्या वर्षी तरी पैसे वाचत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. मशीन, कात्री, अस्तर, दोरे, बटणे आणि चुकून वाया गेलेले कापड हा सगळा खर्च अंगावर येतो. बाजारातला तयार कुर्ता स्वस्त असतो, कारण कारखान्यात कापडाचे अनेक थर एकदम कापले जातात आणि एक कामगार दिवसभर एकच टिप मारतो. घरच्या मशीनने त्याच्याशी किमतीत स्पर्धा करू नये.

फायदा दिसतो तो ब्लाउज, परकर, पडदे, उशांचे अभ्रे आणि मुलांचे कपडे यांत. तिथे शिलाईचाच खर्च मोठा असतो. उसवलेले शिवणे, सैल करणे, लांबी कमी करणे ही कामे घरी होऊ लागली की मशीनचे पैसे हळूहळू वसूल होतात. शिवाय खिसा! बायकांच्या कुर्त्याला मोबाइल मावेल एवढा खिसा दुकानदार देत नाही. घरी तो अर्ध्या तासात लागतो.

तयार कपडे अंगाला का बसत नाहीत?

आपल्याकडचे बरेच तयार कपडे अमेरिकी किंवा ब्रिटिश मापांच्या तक्त्यावर बेतलेले असतात. भारतीय अंगकाठीचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांतील सुमारे २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे ठरले. पण तक्ता कितीही चांगला असला तरी तो सरासरीचा असतो. एक खांदा थोडा उतरता किंवा पोट किंचित पुढे असलेल्या माणसाला स्वतःच्या मापाचाच कपडा नीट बसतो.

नवशिक्यांचे कापड कुठे बिघडते?

बहुतेक वेळा मशीनला हात लागण्यापूर्वीच. सुती कापड मागावर ताणून विणलेले असते. पाणी लागले की तो ताण सुटतो आणि कापड आटते, उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त. चाळीस इंच लांबीच्या कुर्त्याचे कापड चार टक्के आटले, तर पहिल्या धुण्यातच दीड इंच गेला. म्हणून कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. अस्तरही भिजवावे. नाहीतर अस्तर आत आखडते आणि वरचे कापड फुगते.

दुसरी चूक माया न ठेवण्याची. शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडतात ती माया. कारखान्यातल्या कपड्यांत ती जेमतेम असते, कापड वाचवायचे म्हणून. घरच्या कपड्यात बाजूच्या शिवणीला एक-दीड इंच सोडली, की दोन वर्षांनी वजन वाढले तरी ब्लाउज फेकावा लागत नाही.

तिसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ब्लाउजला हात घालणे. सपाट कापडाला टक्स घालून गोलाई द्यायची, मग मुंढ्याच्या वळणात बाहीचे वळण सुरकुती न पडता बसवायचे. शिंपी वर्षानुवर्षे शिकतात ते हेच. आधी अभ्रा, मग परकर, मग झबले असा क्रम ठेवावा. जुन्या घरांत बाळंतविड्याचे टोपडे, कुंची आणि दुपटे शिवता शिवताच मुली शिवण शिकत असत. कापड मऊ, जुने, थोडे. चुकले तरी बाळ तक्रार करत नाही.

टी-शर्टचे कापडही सुरुवातीला टाळावे. ते ताणले जाते आणि साध्या मशीनची सरळ टिप ताणली जात नाही, म्हणून कपडा डोक्यातून घालतानाच दोरा तुटतो. त्यासाठी झिगझॅग टाका आणि गोल टोकाची सुई लागते.

क्रोशा यंत्रावर का होत नाही?

टी-शर्ट, मोजे, स्वेटर यंत्रावर विणले जातात. तिथे अनेक सुयांवर टाक्यांची अख्खी ओळ पुढे सरकते. क्रोशात आकड्यावर बहुतेक वेळा एकच फास जिवंत असतो. साखळी, मुका खांब, खांब असे टाके घालताना आकडा प्रत्येक वेळी विणलेल्या भागात नेमक्या भोकात शिरतो, दोरा गुंडाळतो आणि फासातून ओढून आणतो. ही हालचाल पकडणारे यंत्र अजून व्यावसायिक उत्पादनात आलेले नाही. यंत्रावर बनते ती क्रोशासारखी दिसणारी लेस.

म्हणजेच दुकानात दिसणारा खरा क्रोशाचा टॉप कुणीतरी टाका टाका करून हाताने विणलेला असतो. समजा, त्याला वीस तास लागले आणि तासाला पन्नास रुपये धरले, तर नुसती मजुरीच हजार रुपये होते. तो टॉप तुम्हाला चारशेला मिळत असेल, तर कमी कुणाच्या वाट्याला आले?

या प्रश्नाचे उत्तर आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात शोधले गेले आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. बायका दिवसाचे कित्येक तास निर्यातीसाठी राबत होत्या. पण त्या घरात बसून विणतात, म्हणजे फावल्या वेळात, असे मानले गेल्याने त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हते आणि मोबदला अगदी तुटपुंजा होता. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले; मजुरीचा दर मानांकनाने ठरत नाही.

घरी हौसेने विणून विकणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचेही गणित इथेच चुकते. दोऱ्याची किंमत धरली जाते, तासांची नाही. किंमत सांगण्यापूर्वी घड्याळ लावून एक नग विणून पाहावा.

मोफत शिलाई मशीनच्या संदेशाचे काय?

‘पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना’ या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश खोटे असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने सांगितले आहे. अशा लिंकवर आधार किंवा बँक खात्याचा तपशील भरू नये. खरी योजना आहे ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र ती आधीपासून स्वतःच्या हाताने हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, घरगुती हौसेसाठी नाही, आणि एका कुटुंबातून एकालाच मिळते. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात विनामूल्य होते. तिथे कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.