शत्रू मालमत्ता म्हणजे नक्की कोणाची?

इतिहासाच्या पुस्तकात १९६५ चं युद्ध ताश्कंद कराराशी संपतं. शास्त्रीजींचं निधन होतं आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, "सर, जो माणूस पाकिस्तानात गेला त्याचं इथलं घर कोणाला मिळालं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी आपल्या मेहकरातलं रोजचं उदाहरण घ्या. वडील वारले की आपण मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जातो, वारस नोंदीचा अर्ज देतो, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात. हक्क बापाकडून लेकरांकडे जातो, सरकार फक्त त्याची नोंद करतं. शत्रू मालमत्तेच्या कायद्याने नेमकी हीच साखळी तोडली आहे.

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटल्यावर भारत संरक्षण नियमांखाली पाकिस्तानी नागरिकांची इथली घरं, जमिनी, शेअर, बँकेतल्या ठेवी असं सगळं एका अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलं गेलं. त्याला म्हणतात शत्रू मालमत्ता अभिरक्षक. मुख्य कार्यालय तेव्हा मुंबईत होतं. १९६२ च्या युद्धानंतर चिनी नागरिकांच्या मालमत्तेचंही असंच झालं होतं. हेतू दोन. शत्रूला इथल्या पैशाचा उपयोग होऊ नये हा एक, आणि उद्या वाटाघाटीत हातात काहीतरी असावं हा दुसरा. पाकिस्ताननेही भारतीयांच्या तिकडच्या मालमत्तेवर असाच ताबा घेतला होता. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबद्दल दोन्ही देश चर्चा करतील, असं स्पष्ट कलम होतं. ती देवाणघेवाण काही झाली नाही. भारत सरकारच्या म्हणण्यानुसार पाकिस्तानने १९७१ मध्येच त्यांच्याकडची मालमत्ता विकून टाकली. इकडे आणीबाणीचे नियम संपले की ताबाही संपला असता, म्हणून १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आला.

मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून एक फरक सांगून ठेवा. फाळणीच्या वेळी देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी वेगळा कायदा होता, १९५० चा. त्यातून निर्वासितांचं पुनर्वसन झालं. हा कायदा त्यानंतरच्या युद्धांचा.

ज्या भारतीयांचं पाकिस्तानात नुकसान झालं त्यांचं काय? सरकारने १९७१ मध्ये योजना काढली. तपासून मान्य झालेल्या दाव्याच्या २५ टक्के रक्कम सानुग्रह म्हणून द्यायची. सानुग्रह म्हणजे हक्क म्हणून नाही, कृपा म्हणून. हा शब्द वर्गात जरूर समजावून सांगा.

खरा पेच उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या राजांच्या खटल्यात दिसला. वडिलांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. पत्नी आणि मुलगा मात्र भारतातच, भारतीय नागरिक म्हणून राहिले. १९६५ मध्ये वडिलांच्या नावची सगळी मालमत्ता ताब्यात गेली. १९७३ मध्ये वडील लंडनमध्ये वारले आणि मुलाने वारस म्हणून दावा लावला. बत्तीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर २००५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. भारतीय नागरिक वारस झाला की ती मालमत्ता शत्रूची राहत नाही, असा त्याचा अर्थ.

सरकारला हे परवडणारं नव्हतं. आधी वटहुकूम आले, मग २०१७ चा दुरुस्ती कायदा. त्याने 'शत्रू'च्या व्याख्येत त्याच्या वारसालाही घेतलं, तो वारस भारतीय नागरिक असला तरी. वारसाहक्काचे कायदे या मालमत्तेला लागू नाहीत, असंही लिहून टाकलं. आणि हे मागच्या तारखेपासून. जिंकलेला खटला कायद्याने पुसला गेला. वाटाघाटीसाठी मालमत्ता राखणं मला पटतं. पण जन्मापासून इथलाच नागरिक असलेल्या माणसाला या व्याख्येत बसवणं नागरिकशास्त्राच्या तासाला समजावून सांगता येत नाही, हेही खरं.

यातली रक्कम किती मोठी असू शकते ते पाहायचं तर आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चला. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. तिचे जे शेअर पाकिस्तानी नागरिकांच्या नावावर होते ते अभिरक्षकाकडे आले. एप्रिल २०१९ मध्ये असे सुमारे ४.४३ कोटी शेअर विकून सरकारला जवळपास १,१५० कोटी रुपये मिळाले. बहुतेक शेअर एलआयसीने घेतले.

घरं-जमिनींचा हिशेब २०२३ मधल्या सरकारी आकडेवारीत असा होता: देशभरात १२,६११ मालमत्ता, त्यातल्या १२६ चिनी नागरिकांच्या, बाकी पाकिस्तानी नागरिकांच्या. एकट्या उत्तर प्रदेशात ६,२५५. गोव्यात २९५ आणि महाराष्ट्रात २०८.

तर मग मालक कोण? फेब्रुवारी २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो अगदी साध्या कारणाने: लखनऊच्या एका अशा इमारतीचा घरपट्टीचा वाद. इमारत केंद्राची असेल तर महापालिकेला कर लावता येणार नाही, असा मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, अभिरक्षक हा राखणदार आहे, विश्वस्त आहे. ताब्यात आली म्हणून मालमत्ता केंद्र सरकारच्या मालकीची होत नाही. घरपट्टी भरावी लागेल.