दुसऱ्या डोसच्या आधी

वैद्यकीय चाचणी मुदतीआधी थांबली की आपल्याकडे त्याचे दोनच अर्थ लावले जातात: औषध वाईट निघाले असणार, किंवा कोणीतरी काहीतरी दडवले असणार. पुणे, मुंबई, बार्शी इथल्या केंद्रांचा सहभाग असलेल्या काही मोठ्या चाचण्या 2010 ते 2020 या काळात मध्येच थांबल्या. त्यांच्याकडे मागे वळून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. एक चाचणी चांगली बातमी लवकर हाती आल्यामुळे थांबली, एक शंकेपोटी काही दिवस थांबली, आणि एक तर तिच्याशी संबंध नसलेल्या वादामुळे आलेल्या सरकारी आदेशाने थांबली. चाचणीचे सार्थक झाले की नाही, हे मात्र यातल्या कोणत्याच कारणावर ठरले नाही. थांबल्यानंतर तिच्यात सामील झालेल्या माणसांशी नाते टिकवले की तोडले, यावर ते ठरले.

आधी थांबण्याची रीत समजून घ्यायला हवी. चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांना दोन गटांचे आकडे अधूनमधून शेजारी ठेवून पाहण्याची मुभा नसते. ती एका स्वतंत्र देखरेख समितीला असते, आणि किती फरक दिसला तर थांबायचे हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेले असते. कारण उघड आहे. नाणे शंभर वेळा उडवायचे ठरवून सुरुवातीलाच सलग पाचदा छापा पडला म्हणून कोणी थांबले, तर चांगले नाणेही खोटे ठरेल. म्हणून लवकर थांबण्याची अट फार कडक ठेवतात. एचआयव्हीच्या औषधोपचारावरची ‘एचपीटीएन 052’ ही चाचणी 2011 मध्ये या अटीला उतरली. 9 देशांतली 1,763 जोडपी तिच्यात होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्हीची लागण झालेली, दुसऱ्याला नाही. भारतातली केंद्रे पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नई इथे होती. एका गटाला औषधे लगेच दिली, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली उतरल्यावर. समितीने आकडे पाहिले तेव्हा बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झालेल्या घटना 28 होत्या आणि त्यांतल्या 27 वाट पाहणाऱ्या गटात होत्या. लवकर उपचाराने लागण 96 टक्क्यांनी घटत होती. त्यानंतर औषध रोखून धरणे अन्यायाचे ठरले असते, म्हणून मे 2011 मध्ये निकाल जाहीर झाला आणि वाट पाहणाऱ्यांनाही औषधे देऊ केली गेली.

यावर संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. लवकर थांबवलेल्या चाचण्यांत औषधाचा फायदा फुगून दिसतो, हे अशा अनेक चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या 2010 च्या एका अभ्यासाने दाखवून दिले होते. मग 96 टक्क्यांवर विश्वास का ठेवायचा? या शंकेचे निरसन करता आले, कारण ही जोडपी वाऱ्यावर सोडली गेली नाहीत. 2015 पर्यंत त्यांचा पाठपुरावा चालू राहिला आणि 2016 मध्ये अंतिम आकडा आला 93 टक्के. थोडा उतरला, पण टिकला.

दुसरी कहाणी याहून विलक्षण आहे, आणि महाराष्ट्रात ती जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूवरची लस तीन डोसांची होती. गरीब देशांना तीन डोस परवडणारे नव्हते. दोन पुरतील का, हे तपासायला फ्रान्समधल्या ल्याँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सप्टेंबर 2009 मध्ये भारतात चाचणी सुरू केली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, पुणे आणि मुंबईचे टाटा रुग्णालय ही तिची महाराष्ट्रातली केंद्रे. 10 ते 18 वयाच्या 20,000 अविवाहित मुली घ्यायच्या होत्या. 17,729 जणींना लस सुरू झाली आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारने देशातल्या एचपीव्ही लसीच्या सगळ्या अभ्यासांचे लसीकरण थांबवले. ज्या मुली जिथे होत्या तिथेच राहिल्या. 4,348 जणींचे तीन डोस झाले होते, 4,979 जणींचे ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. 3,452 जणींना दोनच महिन्यांच्या अंतराने दोन मिळाले, तिसरा राहिला. उरलेल्या 4,950 जणी एका डोसावर थांबल्या. एकच डोस देऊन पाहावा असे आराखड्यात कुठेही नव्हते.

इथे चाचणी मोडली असे म्हणून फायली बंद करणे सगळ्यात सोपे होते. संशोधकांनी तसे केले नाही, आणि पुढे जे काम झाले ते माझ्या दृष्टीने मूळ चाचणीहून मोठे आहे. या कर्करोगाची सुरुवात टिकून राहणाऱ्या संसर्गातून होते आणि तो व्हायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणजे मुली मोठ्या होईपर्यंत त्यांचा माग ठेवणे आले. लग्नानंतर 18 महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नमुने घ्यायचे असे ठरले. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीचे गाव बदलते, बहुधा आडनावही बदलते. कागदावरची मुलगी सासरी शोधून काढणे म्हणजे काय, हे गावात फिरून काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते, देशातली अशी ती पहिली. घरोघर जाण्याची ही सवय अशा कामात मोलाची असते. 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा पाठपुरावा सरासरी नऊ वर्षांचा झाला होता. टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण एका डोसाने 95.4 टक्के, दोन आणि तीन डोसांनी सुमारे 93 टक्के. फरक जवळपास शून्य. एप्रिल 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने 9 ते 14 वयाच्या मुलींना एक डोसही चालेल अशी शिफारस केली, तिच्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा आहे.

पण एक डोस कोणाला मिळाला हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते, मग तुलना खरी कशी? आक्षेप बरोबर आहे. चिठ्ठी मोडली की गट सारखे राहतील याची हमी जाते, आणि लस न घेतलेल्या स्त्रियाही तुलनेसाठी नंतरच घेतल्या होत्या. तरी इथे कोणती मुलगी एका डोसावर थांबली हे तिच्या आजाराने किंवा आईवडिलांच्या मर्जीने ठरले नव्हते, बहुतेकींच्या बाबतीत आदेशाच्या तारखेने ठरले होते. शिवाय केनियातल्या 2,275 तरुणींवर रीतसर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतही एका डोसाचे संरक्षण 97.5 टक्के निघाले. अपघाताने मिळालेल्या उत्तराला नियोजित पुराव्याची जोड मिळाली.

म्हणून सरकारचा 2010 चा आदेश योग्य होता असे म्हणायचे का? तो काढायला कारण होते. तेव्हाच्या आंध्रातले खम्मम आणि गुजरातमधले वडोदरा इथे ‘पाथ’ या संस्थेचा वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सापडला नाही, पण संमतीच्या कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या आढळल्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले, आणि ते ओढायलाच हवे होते. चूक झाली ती सरसकट आदेशात. तिथल्या दोषाची शिक्षा इथल्या चाचणीला झाली. त्यातून चांगले निष्पन्न झाले याचे श्रेय आदेशाला देता येत नाही. ते पुढची कित्येक वर्षे घरोघर गेलेल्यांचे आणि दार उघडणाऱ्या मुलींचे आहे.

सप्टेंबर 2020 मधली कोव्हिशिल्ड या कोविड लसीची घटना यापुढे छोटी. ब्रिटनमधल्या एका स्वयंसेवकाच्या आजारपणामुळे तिथली चाचणी थांबली. पुण्याच्या सीरमने सुरुवातीला भारतातली चाचणी चालूच राहील असे सांगितले, औषध महानियंत्रकांची नोटीस आल्यावर ती 10 सप्टेंबरला थांबवली आणि 15 सप्टेंबरला पुन्हा परवानगी मिळाली. सावधगिरीचा थांबा म्हणजे अपयश नव्हे. लोकांच्या मनात किल्मिष उरले ते थांबायला नोटीस लागली म्हणून.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. 2019 च्या नव्या औषध आणि चाचणी नियमांनुसार चाचणी बंद केली तर तिची कारणे 30 कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय नियामकाला कळवावी लागतात. नियामकाला कळते, पण सासरी गेलेल्या मुलीकडे कोण जाणार, किती वर्षे जाणार आणि त्या फेऱ्यांचा खर्च कोण देणार? प्रायोजक म्हणतील, बंद पडलेल्या कामावर पैसे का घालायचे. एचपीव्ही चाचणीचे आकडे हे त्याचे उत्तर आहे. राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकला आहे, आणि उद्याच्या एथिक्स कमिट्यांवर बसणारे अनेक डॉक्टर त्याच विद्यापीठाची परीक्षा देऊन बाहेर पडतात. मंजुरीसाठी आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला त्यांनी विचारायला हवे, की उद्याच ही चाचणी थांबली तर यादीतल्या पहिल्या नावाच्या घरी परवा कोण जाणार आहे.