जावास्क्रिप्टमधून मोबाईल ॲप : फीविना शिकण्याची वाट

मोबाईल ॲप बनवायला शिकायचे तर महागडा क्लास हवाच, असा अनेक पालकांचा समज आहे. त्या फीपायी मुदत ठेवी मोडणारे पालक आम्ही बँकेत पाहतो, म्हणून हे चार शब्द.

१९९५ साली ब्रेंडन आईक यांनी वेबपानांसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. २०१५ साली फेसबुकने रिॲक्ट नेटिव्ह खुले केले व त्याच भाषेत अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंसाठी ॲप लिहिणे सोपे झाले.

विद्यार्थी मित्रांनी आधी भाषा पक्की करावी. फंक्शन, ॲरे, प्रॉमिस समजल्यावाचून पुढे जाऊ नये. एमडीएन व फ्रीकोडकॅम्प ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. मजकूर मुख्यतः इंग्रजीत असल्याने शब्दकोश जवळ ठेवावा. मग संगणकाच्या ब्राउझरमध्ये एक्स्पो स्नॅक उघडून ॲप लिहावे. एक्स्पो गो या ॲपमधून ते स्वतःच्या मोबाईलवर लगेच पाहता येते.

पहिले ॲप लहानच घ्यावे, उदाहरणार्थ संस्थेच्या वर्गणीची नोंदवही. चूक दाखवणारा संदेश आला तर न घाबरता तो शब्दन् शब्द वाचावा. खरे शिक्षण तेथेच होते.

खर्च येतो तो ॲप प्रसिद्ध करताना : गूगलकडे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. तोवर ठेव मोडू नये, रोजचा एक तास मात्र मोडू देऊ नये.