घरातला अ‍ॅम्प खानावळीत लावताय? आधी बटणं समजून घ्या

मालवण, तारकर्ली, देवबागकडे खानावळ किंवा होमस्टे सुरू करायचं म्हटलं की गाण्यांचा विषय निघतोच. घरातला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प काढून हॉलमध्ये लावला की खर्च वाचतो. आयडिया चांगली आहे. पण तो अ‍ॅम्प बनवलाय दोन स्पीकरसमोर मधोमध बसून ऐकणाऱ्या माणसासाठी. तुमच्याकडे लोक दहा टेबलांवर पसरलेले असतात. म्हणून तीच बटणं इथे जरा वेगळी वापरायची.

मोनो: स्टिरिओत काही वाद्यं डावीकडे, काही उजवीकडे असतात. एक स्पीकर हॉलमध्ये आणि एक पडवीत लावलात, तर पडवीतल्या गिऱ्हाईकाला अर्धंच गाणं ऐकू येणार. मोनोचं बटण दाबा, दोन्हीकडे पूर्ण गाणं जाईल. अ‍ॅम्पवर नसेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ शोधा.

बॅलन्स: एखादा स्पीकर टेबलाच्या अगदी जवळ असेल तर त्या बाजूचा आवाज इथून कमी करा. सगळ्यांसाठी व्हॉल्यूम कमी करायची गरज नाही.

सिलेक्टर: मोबाईलची वायर ‘ऑक्स’मध्येच लावा. ‘फोनो’ हे रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. तिथे मोबाईल जोडलात तर आवाज फाटणारच. मोबाईलचा आवाज साधारण पाऊण ठेवा, बाकी कमी-जास्त अ‍ॅम्पवर करा.

बास आणि ट्रेबल: दोन्ही नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा. पैसे इथेच जातात, म्हणून नीट वाचा. बास 10 डेसिबलनं वाढवला तर खालच्या सुरांसाठी अ‍ॅम्पला 10 पट ताकद लावावी लागते. त्यात व्हॉल्यूमही वर असेल तर अ‍ॅम्प दमतो, आवाज फाटतो आणि स्पीकरमधला छोटा ट्वीटर जळू शकतो. बरं, जळणार कधी? ऐन सीझनला, हॉल भरलेला असताना! आवाज फाटला की आधी बास कमी करा, मग व्हॉल्यूम.

लाउडनेस: 1933 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. हे बटण तेवढी भर घालतं. सकाळी चहा-नाश्त्याला हळू गाणी लावलीत तर चालू ठेवा. आवाज वाढवलात की बंद करा.

स्पीकर ए+बी: बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये 8 ओहमच्या दोन जोड्या एकदम चालू केल्या की अ‍ॅम्पवर 4 ओहमचा भार येतो. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय दुसरी जोडी जोडू नका.

आता आपल्या किनाऱ्याची खास गोष्ट. खारं वारं आणि दमट हवा यामुळे नॉबच्या आतले कॉन्टॅक्ट खराब होतात आणि फिरवताना खरखर येते. पावसाळ्यात बंद ठेवलेला अ‍ॅम्प सीझनआधी बाहेर काढा. वीज बंद ठेवून प्रत्येक नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर मेकॅनिककडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. लगेच ‘अ‍ॅम्प गेला’ म्हणून नवा घ्यायला धावू नका.

आणि शेजाऱ्यांना विसरू नका. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ती 45 डेसिबल. वाडीत तुमचं नाव टिकलं तर धंदा टिकेल. शिवाय धंद्याच्या जागी गाणी वाजवायला कॉपीराइटचा परवाना लागतो, तोही हिशेबात धरा.

शेवटचं काम आजच करा. आवाज जमला की प्रत्येक नॉबच्या जागेवर रंगीत चिकटपट्टीची खूण करा. तुम्ही बाजारात मासे आणायला गेलात तरी काउंटरवरचा मुलगा त्याच खुणेवर गाणी लावेल. मालक नसतानाही जे नीट चालतं, त्यालाच सिस्टीम म्हणतात!