व्यावसायिक दायित्वाचा विमा
६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. प्रथमोपचारानंतर त्याला पुण्यास नेण्यात आले. तेथील रुग्णालयात भूल न देताच पाय ओढून हाड बसविण्यात आले व प्लास्टर घालण्यात आले. त्याच रात्री, ९ मे रोजी, तो मरण पावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी लावलेला भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये त्यांच्या बाजूने कायम झाला. मंजूर झालेली रक्कम होती ३,००० रुपये.

रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर वैद्यकीय व्यावसायिकाने वाजवी कौशल्य व काळजी दाखविली पाहिजे, असे या निकालाने स्पष्ट केले. तथापि पंधरा वर्षे दिवाणी न्यायालयात झगडण्याची ताकद सामान्य कुटुंबात नसते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सोपी वाट खुली केली आणि शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ही स्थिती कायम आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, अशी रुग्णालये मात्र या कक्षेबाहेर राहिली. २०१३ मध्ये कोलकात्याच्या एका खाजगी रुग्णालयाच्या प्रकरणात भरपाईचा आकडा व्याज वगळून सुमारे ६ कोटी रुपयांवर गेला. रुपयाची किंमत घसरली हे जमेस धरले तरी पालशेतच्या तीन हजारांपासूनचे हे अंतर फार मोठे आहे.

एवढी रक्कम एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर कोठून देणार? आणि तो देऊ शकला नाही, तर रुग्णाच्या कुटुंबाच्या हाती निकालपत्राखेरीज काय उरणार? व्यावसायिक दायित्वाच्या विम्याचे प्रयोजन येथे आहे. डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता, सनदी लेखापाल यांच्या हातून व्यवसायातील हयगयीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर द्यावी लागणारी भरपाई आणि बचावाचा खर्च विमा कंपनी विमापत्राच्या मर्यादेपर्यंत सोसते. विमा आहे म्हणून डॉक्टर बेफिकीर होतील, अशी शंका काही जण घेतात. ती फारशी खरी वाटत नाही. नावलौकिक गेला तर तो कोणताही विमा परत आणून देत नाही. शिवाय फौजदारी शिक्षा आणि दंड विम्यात येत नाहीत. नशेच्या अमलाखाली केलेले काम व हेतुपुरस्सर कृत्येही वगळलेली असतात.

या विम्याचे एक वैशिष्ट्य मात्र अनेक विमेदारांनाच ठाऊक नसते. आगीच्या विम्यात आग कधी लागली हे पाहतात. येथे मागणी कधी आली हे पाहिले जाते. समजा, एका डॉक्टराने १ एप्रिल २०१९ पासून विमा उतरविला, ऑगस्ट २०२१ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि मार्च २०२२ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन विमा बंद केला. जून २०२३ मध्ये रुग्णाने तक्रार दाखल केली. ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत संपलेली नाही, म्हणून तक्रार चालेल. शस्त्रक्रियेच्या दिवशी विमा होता, तरीही साधारणतः कंपनी भरपाई देणार नाही, कारण मागणी आली तेव्हा विमापत्र चालू नव्हते. वर्षानुवर्षे भरलेले हप्ते अशा रीतीने वाया जातात. दुसऱ्या कंपनीकडे जाताना पूर्वीची आरंभतारीख नव्या विमापत्रात लिहून घेतली नाही, तरी हाच धोका. निवृत्तीनंतरही मागण्या स्वीकारल्या जाण्याची वाढीव मुदत मिळते का, हे आधीच विचारलेले बरे.

रकमेच्या मर्यादेतही असाच एक बारकावा आहे. वर्षाची एकूण मर्यादा २० लाख आणि प्रमाण एकास चार असेल, तर एका प्रकरणात ५ लाखच मिळतात. तक्रारीची नोटीस येताच कंपनीला लेखी कळवावे आणि तिच्या संमतीवाचून चूक कबूल करून परस्पर तडजोड करू नये, अशीही अट असते. रुग्णालयाने संस्थेच्या नावे उतरविलेला विमा तेथे भेट देणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला लागू पडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

मोटारीच्या विम्यासारखी सार्वत्रिक सक्ती या विम्याला नाही. विमा दलालांना तो नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार घ्यावाच लागतो. इतरत्र बहुधा करारावर अवलंबून असते. पंचायत सदस्यांचा संबंध येतो तो येथेच. पाणीपुरवठ्याची टाकी वा शाळेची इमारत यांचे आराखडे खाजगी सल्लागार अभियंत्याकडून करून घेताना कंत्राटदाराच्या विम्याची चौकशी होते, पण आराखड्यातच चूक निघाली तर काय, हे सहसा कोणी विचारत नाही. कंत्राटदाराचा विमा बांधकामावरील अपघातासाठी असतो. आराखड्यातील दोषासाठी सल्लागाराचा स्वतःचा व्यावसायिक विमा लागतो. टाकीला तडे जाण्यास दोन-तीन वर्षे लागू शकतात. म्हणून करारात विम्याची रक्कम लिहिताना काम पूर्ण झाल्यानंतर किती वर्षे तो चालू ठेवावयाचा, हेही लिहून घ्यावे आणि दरवर्षी नूतनीकरणाची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करण्याचे बंधन घालावे.